डोकं खाली, वळणं मोजत

शंभर मीटर धावताना मला सगळं दिसायचं. सुरुवातीचे पंचवीस-तीस मीटर नजर जमिनीला, मग मान हळूहळू वर येते आणि समोर लेन उघडत जाते. शेजारची किती पुढे आहे ते डोळ्याच्या कोपऱ्यातून कळतं. बारा वर्षं मी वेग असा डोळ्यांनीच ओळखत आले. बॉबस्लेत, म्हणजे बर्फाच्या उतरत्या, वळणदार ट्रॅकवरून गाडी पळवण्याच्या खेळात, आल्यावर सगळ्यात आधी सुटलं ते हेच. दोघींच्या गाडीत पुढे पायलट, मागे ब्रेकवुमन. मागचीने गाडी ढकलायची, पळत्या गाडीत उडी मारून बसायचं, डोकं गुडघ्यांकडे खाली घालायचं आणि खाली पोचेपर्यंत वर काढायचं नाही. डोकं वर आलं की वारा अडतो आणि वेळ जातो. म्हणजे पाच-सहा सेकंदांचं काम, आणि मग जवळपास मिनिटभर काहीही न दिसणं.

मी हा बदल केला तेव्हा 29 वर्षांची होते. रिलेच्या संघात सहा जणींची निवड व्हायची आणि दोन वर्षं मी पाचवी किंवा सहावी असायचे. संघाचे कपडे मिळायचे, फोटोत उभं राहता यायचं, धावायला मिळायचं नाही. माझी शर्यत साठ मीटरपर्यंत छान चालायची. ब्लॉकमधून सुटले की तिथपर्यंत माझ्यापुढे फारशी कोणी नसायची, आणि सत्तरच्या पुढे एकेक जण निघून जायची. मांडीच्या मागचा स्नायू तीन वेळा दुखावला होता. अशात एका बॉबस्ले प्रशिक्षकांनी माझे 30 मीटरचे आकडे पाहून आमच्या सरांना फोन केला. सरांनी मला बाजूला बोलावून विचारलं, "बर्फावर जातेस का?" माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं असेल तर हे, की आता सरांनीही माझी आशा सोडली.

तसं नव्हतं. ते म्हणाले, "तुझ्यात जे सगळ्यात चांगलं आहे, नेमकं तेवढंच त्यांना हवंय. इथे तुला उरलेल्या चाळीस मीटरची रोज माफी मागावी लागते." त्या वाक्यावर मी दोन रात्री झोपले नाही आणि तिसऱ्या दिवशी चाचणीला नाव दिलं.

चाचणीत नवीन काही नव्हतं. 30 मीटर धावणं, जागेवरून लांब उडी, दोन्ही हातांनी खालून गोळा फेकणं, मग बार खांद्यापर्यंत उचलणं आणि स्क्वॉट. ज्या गोष्टी मी आयुष्यभर सरावाचा भाग म्हणून केल्या, त्याच इथे परीक्षा होत्या. तिथे कळलं की ही वाट चांगली मळलेली आहे. अमेरिकेची लॉरिन विल्यम्स 2004 साली अथेन्सला शंभर मीटरमध्ये रौप्य जिंकली, 2012 साली लंडनच्या सुवर्णविजेत्या रिले चमूत होती आणि 2014 साली सोचीत एलाना मेयर्सच्या मागे बसून बॉबस्लेचं रौप्य घेऊन गेली. जर्मनीची अलेक्झांड्रा बुर्गहार्ट टोकियोत धावली, सहा-सात महिन्यांत बीजिंगच्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये बॉबस्लेचं रौप्य मिळवलं, परत ट्रॅकवर आली आणि 2024 साली पॅरिसला रिलेचं कांस्य जिंकली. या दोघींची नावं मी माझ्या सरावाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवली होती.

एक गोष्ट मात्र मला स्पष्ट सांगायची आहे, कारण लोक हे सगळं एकाच मापाने मोजतात. उन्हाळी खेळातून हिवाळी खेळात जाणं म्हणजे प्रत्येक वेळी तेच नसतं. कॅनडाच्या क्लारा ह्यूजने सायकलिंगमध्येही ऑलिंपिक पदकं घेतली आणि स्पीड स्केटिंगमध्येही, पण स्केटिंगचं तंत्र अंगात मुरायला वर्षं जातात. बॉबस्लेत पायलट व्हायलाही वर्षंच जातात. मागची जागा तेवढी वेगळी आहे. तिथे पायांतली ताकद जवळजवळ थेट कामाला येते, म्हणून धावपटूंना तिथेच बोलावतात. आम्ही सगळा खेळ शिकत नाही, त्यातला एक तुकडा शिकतो. तो तुकडा अवघड नाही असं मात्र कोणी समजू नये.

पहिल्या दिवशी हातात बूट आले. धावण्याच्या स्पाइक्समध्ये सात-आठ खिळे असतात. या बुटांच्या पुढच्या तळव्याला शेकडो बारीक सुया, ब्रशसारख्या दाट. मी अंगठा फिरवला तर कातडी टोचली नाही, नुसती धरली गेली. सुया इतक्या आखूड आणि इतक्या जवळ असतात की पाय बर्फात रुतत नाही, चिकटतो आणि लगेच सुटतो. मला वाटलं, चला, पकड मिळाली की बाकी मला येतंच.

आलं नाही. रिकामी गाडीच 170 किलोच्या घरात. मागच्या दोन दांड्या धरायच्या, पायलटची हाक, माझं उत्तर, आणि मग एकच धक्का. पहिल्या धक्क्याला मी ब्लॉकमधून सुटते तशी सुटले. दोन्ही हात आधी गेले, कोपरं वाकली, छाती दांड्यांवर आपटली आणि गाडी हातभर सरकली. पाय मागच्या मागे निसटले. प्रशिक्षक एवढंच म्हणाले, "तू गाडीच्या मागे धावते आहेस. गाडी ढकल."

यातला फरक कळायला मला तीन आठवडे लागले. धावताना पायांना लय देतात ते हात. हात जेवढे जोरात मागे जातात तेवढा गुडघा वर येतो, हे लहानपणापासून अंगात बसलेलं. इथे हात दांड्यांना जखडलेले. खांदे, पाठ, कंबर एका सरळ रेषेत घट्ट धरायची आणि पायातून निघालेला सगळा जोर त्या रेषेतून गाडीत जाऊ द्यायचा. मध्ये कुठेही ढिलं पडलं, पोट सैल सुटलं, कोपर वाकलं, की जोर तिथेच मुरतो. धावपटू पहिल्या पावलाला जमीन झटकन सोडतो. इथे पहिली तीन-चार पावलं जमीन सोडायचीच नाही, दाबत राहायचं, जोवर ते धूड हलत नाही.

मग सगळं उलटतं. सुरुवातीचा तुकडा जवळजवळ सपाट असतो, पुढे उतार लागतो आणि गाडी आपणहून पळायला लागते. आता ढकलायचं काय, गाडी हातातून निसटू नये एवढंच बघायचं. इथे निव्वळ ताकदवान मुली मागे पडतात, पाय पुरत नाहीत. आणि इथे मी पहिल्यांदा मनापासून आनंदले, कारण या पंधरा-वीस मीटरमध्ये मी परत धावपटू होते. गाडी पळते आहे, बर्फात कोरलेल्या खाचांमधून सरळ जाते आहे, आणि माझे पाय तिच्या बरोबरीने पडताहेत. मग उडी. पायलट आधी बसते, मी नंतर. उडी उशिरा मारली तर गाडी निघून जाईल, लवकर मारली तर ढकलण्यातली दोन पावलं वाया. तीही उडी हलकी हवी. मागे धपकन बसलं तर ढकलून कमावलेलं तिथेच जातं.

वजनाबद्दल लिहायला मला थोडा धीर लागतो. बारा वर्षं दर सोमवारी सर वजनाचा काटा बघायचे. 62 किलोवर मी होते आणि अर्धा किलो वाढला की मला स्वतःची लाज वाटायची. नव्या प्रशिक्षकांनी पहिल्याच बैठकीत सांगितलं, "नऊ-दहा किलो वाढव, पण पाय मंद होता कामा नयेत." याचं कारण साधं आहे. जड गाडी उतारावर हवेचा अडथळा जास्त सहज कापते, म्हणून गाडी आणि खेळाडू मिळून एकूण वजनाला नियमाने कमाल मर्यादा घातलेली असते आणि प्रत्येक संघ त्या मर्यादेला टेकायला बघतो. खेळाडू हलक्या असतील तर उरलेलं वजन धातूच्या तुकड्यांनी गाडीत भरता येतं. पण मग तीच जड गाडी ढकलावी लागते. तेच वजन आपल्या अंगावर असेल तर ते ढकलावं लागत नाही, ते स्वतःच ढकलतं. हे गणित मला एका मिनिटात पटलं. शरीराला पटायला सात महिने लागले.

दिवसातून सहा वेळा खाणं, भूक नसताना खाणं, जड स्क्वॉट आणि झोप. 71 किलोला पोचले तेव्हा जुन्या स्पर्धेचे कपडे मांडीवरून वर चढेनात. मी ते हातात धरून पलंगावर बसून राहिले. त्या दिवशी मला रडू आलं, आणि ते कपड्यांसाठी नव्हतं. इतकी वर्षं मी ज्या शरीराला चांगलं म्हणत होते ते मी माझ्या हाताने मोडत होते, आणि नवीन चांगलं आहे की नाही हे सांगायला अजून एकही घड्याळ नव्हतं. महिन्याभराने ते सांगणारं घड्याळ मिळालं: माझा 30 मीटरचा वेळ जुन्या वेळेपासून फक्त दोन शतांश सेकंद दूर होता, नऊ किलो जास्त घेऊन.

पहिली खरी फेरी ऑस्ट्रियात इन्सब्रुकजवळच्या इग्ल्सला झाली. 1976 च्या ऑलिंपिकसाठी बांधलेला हा ट्रॅक, 14 वळणं. नवख्यांसाठी बरा मानतात. अंगात कपड्यांच्या आत जाड संरक्षक बंडी घातली होती. गाडी उलटली आणि पाठ बर्फावर घासत गेली तर कातडी भाजते, त्यासाठी ती. माझी पायलट माझ्याहून पाच वर्षांनी लहान, पण बर्फावर आठ हिवाळे काढलेली. ती म्हणाली, "दोनच गोष्टी. उलटलो तरी दांड्या सोडायच्या नाहीत, आतच राहायचं. आणि वळणं मोज. शेवटच्या रेषेनंतर ब्रेक तुलाच ओढायचा आहे."

ढकललं, उडी मारली, डोकं खाली. पहिल्या दोन वळणांना वाटलं, एवढंच? तिसऱ्या-चौथ्यापासून आवाज वाढत गेला. बर्फावरून पोलाद जातं तेव्हा खरखर होते, आणि वेग वाढला की ती खरखर एक सलग घरघर होते, दातांत जाणवते. मग मोठं गोल वळण आलं. माझं डोकं कोणीतरी वरून दोन्ही हातांनी दाबतंय असं झालं, हनुवटी छातीवर टेकली, श्वास अर्ध्यावर अडला. मोठ्या वळणांत शरीरावर वजनाच्या चार-पाच पट दाब येतो हे मी वाचलं होतं. वाचलेल्याचा काही उपयोग झाला नाही. सहाव्या वळणानंतर माझी मोजणी तुटली. ताशी शंभर किलोमीटरच्या पुढे मी कुठे आहे, किती उरलंय, डावीकडे चाललेय की उजवीकडे, काहीच कळत नव्हतं. पायलट ओरडली, "ब्रेक!" तेव्हा मी ब्रेक ओढला, उशिरा. गाडी चढावर बरीच वर जाऊन थांबली.

बाहेर आले तर गुडघे थरथरत होते. भीतीने नव्हे, किंवा नुसत्या भीतीने नव्हे. शर्यत संपल्यावर मला नेहमी कळायचं, मी कशी धावले. आज घड्याळ एक आकडा दाखवत होतं आणि त्या आकड्यात मी कुठे होते हे मला माहीत नव्हतं.

उरलेला हिवाळा मी मोजायला शिकण्यात घालवला. सकाळी ट्रॅकवर चालत जायचं, प्रत्येक वळणाशी थांबायचं, बर्फावर हात ठेवायचा. रात्री अंथरुणावर डोळे मिटून, हातात घड्याळ धरून पूर्ण फेरी मनात करायची आणि शेवटच्या रेषेला बटण दाबायचं. सुरुवातीला मी दहा-बारा सेकंदांनी चुकायचे. जानेवारीत एका सेकंदाच्या आत आले.

रात्रीचं दुसरं काम रनरचं. गाडीखाली चार पोलादी पात्या असतात, त्यांना रनर म्हणतात, आणि त्या घासणं हे बहुतेक संघांत मागच्या खेळाडूचं काम. धावपटू म्हणून माझे स्पाइक्स मी पिशवीत टाकले की काम संपायचं. इथे फेरी झाली की गाडी उचला, पुसा, ट्रकात चढवा, आणि मग दोन-दोन तास रनर. पाती शिकंज्यात आवळायची, आधी 400 नंबरचा पॉलिश पेपर, मग 600, 800, 1000, पुढे आणखी बारीक, शेवटी मलम लावून कापडाने. एकाच दिशेने, पुढून मागे. मध्ये मध्ये नखाचं टोक हलकेच फिरवायचं. डोळ्यांना जो ओरखडा दिसत नाही तो नखाला अडतो. अडला की परत 400 पासून. बर्फावरचा एक खडा पुरतो तासाभराची मेहनत घालवायला. मला हे काम आवडायला लागलं. तासभर घासल्यावर पातीत दिव्याची रेघ वाकडी न होता उमटते, तेव्हा हात आपोआप थांबतो.

शर्यतीआधी रनरचं तापमानही मोजतात. तिथेच टांगून ठेवलेल्या नमुना पातीपेक्षा तुमची पाती चार अंशांहून जास्त गरम असेल तर बाद. गरम पोलाद बर्फावर जास्त घसरतं म्हणून हा नियम. 1968 साली ग्रेनोबलला लूज या, पाठीवर झोपून घसरण्याच्या भावंड खेळात पूर्व जर्मनीच्या महिलांना पात्या तापवल्याच्या कारणावरून बाद केलं होतं. म्हणून आम्ही रनर थंडीत, बोटं बधिर होईपर्यंत बाहेर धरून बसतो.

आता जे सांगायचं ते मी बरेच दिवस टाळलं. दुसऱ्या हंगामात एका सरावात आमची गाडी उलटली. बाजूवर पडून आम्ही खालपर्यंत घसरत गेलो. मी दांड्या सोडल्या नाहीत, खांद्यावर बंडीखाली लालभडक चट्टा उठला, बाकी काही नाही असं मी म्हटलं. खरं तर त्या दिवसापासून डोकं जड, गढूळ झालं होतं. उजेड टोचायचा, एकच ओळ तीनदा वाचावी लागायची. या खेळात न उलटताही, नुसत्या हादऱ्यांनी, मुलींना असं होतं आणि त्या बोलत नाहीत. मीही बोलले नाही, कारण एका जागेसाठी आम्ही दोघी होतो आणि पुढच्या आठवड्यात निवड होती. मी दोन दिवस लपवलं. तिसऱ्या दिवशी पायलटने मला रनर घासताना पाहिलं, मी 800 नंतर परत 600 चा कागद घेतला होता. तिने काही न बोलता माझ्या हातातून कागद घेतला आणि डॉक्टरांकडे घेऊन गेली. तीन आठवडे बर्फ बंद. निवड दुसरीची झाली. मी तिची गाडी खाली उतरवायला मदत केली, तिच्या रनरवर शेवटचा हात मी फिरवला. तिने गाडी चांगली ढकलली. डोकं दुखत असेल तर सांगा, मुलींनो. मी सांगायला हवं होतं आणि पहिल्याच दिवशी.

त्या तीन आठवड्यांत मी सोचीच्या त्या शर्यतीचे आकडे परत परत पाहिले. दोन दिवसांत चार फेऱ्या, आणि मेयर्स-विल्यम्स जोडी सुवर्णापासून 0.10 सेकंदाने राहिली. एक दशांश. शंभर मीटरमध्ये मला एक दशांश म्हणजे धावतानाचं जेमतेम अर्धं पाऊल दिसायचं. इथे तो चार फेऱ्यांत, साठाहून जास्त वळणांत कुठेतरी विरघळलेला. तो मागच्या मुलीच्या उडीत गेला असेल, रनरवरच्या एका ओरखड्यात किंवा पायलटने एका वळणात उशिरा घेतलेल्या रेषेत. तो शोधायला दोघींनाही वळणं माहीत हवीत, एकीला डोळ्यांनी आणि एकीला अंगाने.

फेब्रुवारीत स्वित्झर्लंडमध्ये सेंट मॉरिट्झला मला परत मागची जागा मिळाली. हा ट्रॅक 1904 पासून आहे आणि तरी दर हिवाळ्यात नव्याने बांधतात. बाकीच्या ट्रॅकसारखं काँक्रीट आणि थंड करणारे पाइप नाहीत, नुसतं पाणी आणि बर्फ. सव्वासतराशे मीटर लांब. इथे घरघर कमी असते. नैसर्गिक बर्फावर गाडी अधिक शांत चालते, म्हणून वळणांचे दाब वेगवेगळे, स्वच्छ कळतात. सनी नावाचं वळण गेलं. मग हॉर्स-शू, घोड्याच्या नालासारखं पूर्ण मागे फिरणारं. तिथे काहीतरी वेगळं झालं, पण मी मोजत राहिले. डोळे मिटलेलेच होते. शेवटची रेघ मी मोजून ओळखली आणि कोणी ओरडायच्या आत ब्रेक ओढला.

वर परत जाणाऱ्या ट्रकात पायलटने मांडीवर वही उघडली. तिच्या वहीत प्रत्येक ट्रॅकचा हाताने काढलेला नकाशा असतो. ती पेन्सिल तोंडात धरून बघत होती.

"हॉर्स-शूत आपण लवकर वर गेलो का?" मी विचारलं.

तिने मान वर केली. "तुला कसं कळलं?"

"दाब एकदाच यायला हवा होता. दोनदा आला. मध्ये क्षणभर हलकं वाटलं."

ती थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिली. मग तिने वही माझ्या बाजूला सरकवली आणि पेन्सिल माझ्या हातात दिली. "कुठे हलकं वाटलं, तिथे खूण कर."

ट्रक हलत होता. मी हातमोजा काढला, वळणाच्या रेषेवर बोट ठेवून जरा मागे आणलं, आणि खूण केली.